पाळकपदाची कसोटी कोणती?



ख्रिस्ती साहित्याच्या व्यासपीठावरून अध्यक्षाने भाषेविषयी, बायबलच्या अनुवादांविषयी आणि वाचकांच्या घटत्या संख्येविषयी बोलावे अशी अपेक्षा असते. मी आज दुसरा विषय घेतला आहे. संयोजकांना तो आधी कळवला होता. त्यांनी तो बदलायला सांगितले नाही, याबद्दल त्यांचे मनापासून आभार. समलिंगी ख्रिस्ती व्यक्तीला पाळक, धर्मगुरू किंवा बिशप म्हणून सेवा करू द्यावी का, हा तो विषय आहे. माझे उत्तर ‘होय, द्यावी’ असे आहे. सभागृहातल्या अनेकांना ते पटणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणूनच मी त्याची कारणे सविस्तर मांडणार आहे.

२००३ सालापासून सुरुवात करते. त्या वर्षी मे महिन्यात इंग्लंडमधल्या रेडिंगचे बिशप म्हणून जेफ्री जॉन यांचे नाव जाहीर झाले. जॉन हे विद्वान धर्मशास्त्री. त्यांना अनेक वर्षांचा जोडीदार होता आणि आपण ब्रह्मचर्य पाळतो हे त्यांनी उघड सांगितले होते. समलिंगी धर्मगुरूने शरीरसंबंधापासून दूर राहावे, ही चर्च ऑफ इंग्लंडच्या बिशपांची १९९१ पासूनची भूमिका होती. जॉन ती तंतोतंत पाळत होते. तरीही नऊ बिशपांनी जाहीर पत्र काढून विरोध केला. परदेशातल्या चर्चेसनी संबंध तोडण्याचा इशारा दिला. शेवटी कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी जॉन यांना आपल्या निवासस्थानी, लॅम्बेथ पॅलेसमध्ये, बोलावून घेतले आणि ६ जुलैला जॉन यांची माघार जाहीर झाली. पुढच्या वर्षी तेच जॉन सेंट ऑल्बन्स कॅथीड्रलचे डीन झाले. म्हणजे कॅथीड्रलची उपासना, प्रवचन, प्रभुभोजन हे सारे त्यांच्या हाती सोपवायला हरकत नव्हती. बिशपाची काठी द्यायला मात्र होती.

विरोधकांचा एक मुद्दा इथे नोंदवायला हवा. जॉन यांनी समलिंगी जोडप्यांच्या बाजूने पूर्वी लिहिले-बोलले होते, आणि बिशपाने चर्चच्या शिकवणीचे रक्षण करायचे असते, असे विरोधक म्हणत. आक्षेप गंभीर आहे. पण त्याच प्रश्नावर उदार भूमिका घेणारे व्याख्यान १९८९ साली खुद्द रोवन विल्यम्स यांनी दिले होते, आणि ते कँटरबरीच्या गादीवर बसले होते. तेव्हा केवळ मत हे अपात्रतेचे कारण होते असे म्हणता येत नाही.

चारच महिन्यांनी, २ नोव्हेंबर २००३ रोजी, अमेरिकेत न्यू हॅम्पशरचे बिशप म्हणून जीन रॉबिन्सन यांचा अभिषेक झाला. विद्यापीठाच्या आइस हॉकीच्या स्टेडियममध्ये तो विधी करावा लागला, आणि जिवे मारण्याच्या धमक्या आल्यामुळे अंगरख्याखाली रॉबिन्सन यांनी बुलेटप्रूफ जॅकेट घातले होते. त्या धर्मप्रांतातल्या धर्मगुरूंनी आणि सामान्य सभासदांनी त्यांना निवडले होते. ते अनेक वर्षे तिथेच काम करत होते, लोक त्यांना ओळखत होते. जगभरातल्या अँग्लिकन बिशपांच्या २००८ च्या लॅम्बेथ परिषदेला मात्र त्यांना बोलावले गेले नाही.

या दोघांच्या वाट्याला जे आले ते का आले, याचा मी बराच विचार केला आहे. चर्चमध्ये समलिंगी धर्मगुरू त्यांच्याआधीही होते, आजही आहेत. ग्रँथमचे बिशप निकोलस चेंबरलेन यांचा अभिषेक २०१५ साली झाला. त्यांना जोडीदार आहे हे वरिष्ठांना माहीत होते. २०१६ मध्ये एक वृत्तपत्र ती गोष्ट छापणार असे कळल्यावर त्यांनी ती स्वतःच जाहीर केली, आणि ते पदावर राहिले. जॉन आणि रॉबिन्सन यांनी मात्र पद मिळण्याच्या आधीच सारे सांगितले होते. जी व्यवस्था गप्प राहणाऱ्याला पुढे जाऊ देते आणि खरे सांगणाऱ्याला दारात अडवते, ती आपल्या धर्मगुरूंना वर्षानुवर्षे लपवाछपवी शिकवत असते. ज्याच्यापाशी आपण पापांची कबुली द्यायची, त्याला स्वतःच्या आयुष्याविषयी बोलायची मुभा नाही. माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे.

आता पवित्र शास्त्राकडे वळते. लेवीयातली दोन वचने, रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय, करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा: यांना मी बगल देणार नाही. ती वचने कठोर आहेत आणि शतकानुशतके ख्रिस्ती लोकांनी त्यांचा एकच अर्थ लावला. पण घटस्फोटाविषयी तर प्रभू येशू स्वतः बोलला, आणि त्याचे शब्दही कठोर आहेत. तरी चर्च ऑफ इंग्लंडने २००२ साली घटस्फोटितांना चर्चमध्ये पुनर्विवाहाची वाट मोकळी केली. मोडलेल्या संसारातली माणसे डोळ्यांसमोर उभी राहिली तेव्हा शास्त्र पुन्हा वाचले गेले. त्यात अनेकांना शास्त्राचा अवमान दिसला नाही. दिसली ती पाळकाची दया.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा पंधरावा अध्याय मी या प्रश्नासाठी पुन्हा पुन्हा वाचते. परराष्ट्रीयांना सुंता न करता मंडळीत घ्यायचे का, यावर यरुशलेमेत वाद झाला. तिथे आधी पेत्राने परराष्ट्रीय कर्नेल्याच्या घरी काय घडले ते सांगितले. मग बर्णबा आणि पौलाने आपले अनुभव सांगितले, आणि सारी सभा ऐकत राहिली. याकोबाने संदेष्ट्यांचा आधार काढला तो त्यानंतर. आधी साक्ष, मग तिच्या उजेडात शास्त्राचे वाचन, असा तो क्रम आहे. त्याच सभेने जारकर्मापासून दूर राहा असेही बजावले, हे माझे विरोधक दाखवून देतील, आणि ते खरेच आहे. म्हणून समलिंगी पाळकाला कसलेच बंधन नको असे मी म्हणत नाही. एका जोडीदाराशी आयुष्यभराची निष्ठा, संयम, पैशाच्या बाबतीत चोख व्यवहार, गरिबाशी आणि श्रीमंताशी सारखे वागणे, यांची अट त्याला घालाच. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात अध्यक्षाचे, म्हणजे बिशपाचे, जे गुण सांगितले आहेत ते हेच: सौम्य, अतिथिप्रिय, शिकवण्यात निपुण, द्रव्यलोभी नसलेला. त्या यादीत एकाच स्त्रीचा पती असेही आहे. पण अविवाहित पौलाला कुणी प्रेषितपदावरून दूर केले नाही. ज्या मंडळीत पाळक निवडताना त्याचा स्वभाव, त्याचे हिशेब, म्हाताऱ्या सभासदांशी त्याचे वागणे याची चौकशी होत नाही, तिने केवळ या एका गोष्टीसाठी तीमथ्याचे पत्र उघडावे, हे मला न्यायाचे वाटत नाही.

काही समलिंगी ख्रिस्ती स्वतःच्या विश्वासाने ब्रह्मचर्य स्वीकारतात. अमेरिकेतले धर्मशास्त्री वेस्ली हिल यांनी त्यावर प्रांजळपणे लिहिले आहे, त्यातले एकाकीपणही लपवलेले नाही. त्यांच्या निवडीपुढे मी नतमस्तक आहे. परंतु ब्रह्मचर्य हे देवाचे दान आहे आणि ते सर्वांना मिळत नाही, असे पौलच सांगतो. एका संपूर्ण समूहावर ते सक्तीने लादायचे, आणि जॉन यांच्यासारखा कुणी ते पाळत असला तरी त्याला परत पाठवायचे, हे कुठल्याच बाजूने टिकत नाही. पारंपरिक मताच्या पाळकांनाही माझी विनंती आहे: तुमच्याच नियमाप्रमाणे जगणाऱ्या समलिंगी सेवकाला तरी तुमच्या मंडळीत मान आहे का, ते पाहा.

मुलांच्या सुरक्षेची शंका कुणाच्या मनात असेल तर थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनीच न्यूयॉर्कच्या जॉन जे कॉलेजकडून लैंगिक अत्याचारांचा अभ्यास करून घेतला. धर्मगुरू समलिंगी असणे हे अत्याचाराचे कारण ठरत नाही, असा निष्कर्ष २०११ च्या अहवालात आला. मुलांचे रक्षण पारदर्शकतेने आणि तक्रार दडपली न जाण्याने होते.

समलिंगी पाळकांच्या प्रश्नावर मेथडिस्टांचा प्रवास मोठा आहे. युनायटेड मेथडिस्ट चर्चने १९७२ साली समलिंगी आचरण ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत ठरवले आणि १९८४ मध्ये पाळकपदावर बंदी घातली. २०१९ मध्ये ती बंदी ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी आणखी कडक झाली. पुढच्या चार वर्षांत अमेरिकेतल्या साडेसात हजारांहून अधिक मंडळ्या बाहेर पडल्या. मग मे २०२४ मध्ये शार्लट इथे ६९२ विरुद्ध ५१ मतांनी बंदी उठली. विरोध करणारे बरेचसे निघून गेले होते म्हणून तो आकडा इतका मोठा दिसतो. असा विजय मला आनंद देत नाही. एकाच चर्चमध्ये वाढलेली माणसे वकिलांमार्फत इमारती वाटून घेत होती.

हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, असे आपल्याकडे म्हणतात. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे ३७७ कलम तर १८६० साली ब्रिटिशांनीच आणले. ते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते रद्द केले. त्याआधी, २००९ च्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध वर गेलेल्यांत काही ख्रिस्ती संघटनाही होत्या, याचे मला दुःख आहे. आणि विरोधाचे उदाहरण म्हणून आफ्रिकेचे नाव घ्यायचे तर युगांडाचे निवृत्त बिशप क्रिस्टोफर सेन्योंजो यांचेही घ्यावे लागेल. समलिंगी तरुणांना त्यांनी आधार दिला म्हणून त्यांच्याच चर्चने त्यांना दूर केले, तरी ते मागे हटले नाहीत. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांची मुलगी म्फो या धर्मगुरू. त्यांनी एका स्त्रीशी विवाह केला आणि दक्षिण आफ्रिकेच्या अँग्लिकन चर्चमधले धर्मगुरूचे काम त्यांना सोडावे लागले. २०२२ साली इंग्लंडमध्ये त्यांच्या धर्मपित्याचा अंत्यविधी त्यांना चर्चमध्ये करू दिला गेला नाही. कुटुंबाने तो चर्चच्या बाहेर केला.

हा वाद आपल्यापासून दूर आहे असे समजू नका. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही जागतिक अँग्लिकन परिवाराची सभासद आहे. ज्या परिवाराने १९९८ च्या लॅम्बेथ परिषदेत ५२६ विरुद्ध ७० मतांनी समलिंगी आचरण शास्त्राशी विसंगत ठरवले, त्यात आपणही येतो. त्याच ठरावात समलिंगी व्यक्तींचे अनुभव ऐकून घेऊ असे वचनही दिले होते. निषेध सर्वांच्या लक्षात राहिला. वचन विसरले गेले.

आणि आपल्याच इतिहासात एक वाट आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. त्यांच्यात केवढे मतभेद होते ते आठवा. बाप्टिस्टांच्या मते तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा हा खरा बाप्तिस्माच नव्हे. अँग्लिकनांनी तर पिढ्यान्‌पिढ्या बाळांनाच बाप्तिस्मा दिलेला. बाप्तिस्मा हा संस्कार आहे, कुणाच्या आवडीनिवडीचा विषय नाही. तरी दोन्ही पद्धतींना एकाच चर्चमध्ये जागा दिली गेली आणि कुणाच्या विवेकावर जबरदस्ती झाली नाही. जी चर्च बाप्तिस्म्यावरचा मतभेद पोटात घेऊन पन्नासहून अधिक वर्षे एकत्र उपासना करते, तिला समलिंगी पाळकाला दीक्षा देऊ इच्छिणाऱ्या आणि न देऊ इच्छिणाऱ्या मंडळ्यांना एकत्र ठेवणे अशक्य आहे, असे मी मानत नाही. ज्यांना द्यायची नाही त्यांच्यावर सक्ती नको. ज्यांनी एखाद्या समलिंगी सेवकाची वर्षानुवर्षांची सेवा पाहिली आहे, त्यांना ‘नाही’ म्हणायची सक्तीही नको.

कॅथलिक बांधवांची अडचण वेगळी आहे. तिथे निर्णय रोममध्ये होतो. २००५ च्या सूचनेने खोलवर समलिंगी प्रवृत्ती असलेल्यांना सेमिनरीत घेऊ नये असे ठरवले. जिथे जवळजवळ सगळेच धर्मगुरू ब्रह्मचर्याचे व्रत घेतात तिथे हा भेद कशासाठी, हा प्रश्न कॅथलिक लेखकांनी विचारायला हवा.

आता आपल्या साहित्याकडे येते, कारण हे संमेलन साहित्याचे आहे. पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमला होत्या तेव्हा त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असा आक्षेप भारतातल्या बिशपांनी घेतला. विवेकाच्या बाबतीत दुसऱ्या कुणाची सत्ता मानणार नाही, असे रमाबाईंनी आपल्या इंग्रज धर्मभगिनींना पत्रांतून कळवले. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही स्थान होते. बाबा पदमनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचे हाल वाचकांपुढे मांडले. समलिंगी व्यक्तींविषयी मराठी नाटकात विजय तेंडुलकरांची ‘मित्राची गोष्ट’ आली, कादंबरीत सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ आली. पण मराठी ख्रिस्ती साहित्यात समलिंगी विश्वासणाऱ्याची कथा, आत्मकथन किंवा कविता माझ्या वाचनात आलेली नाही. गायनसंघात सर्वांत सुरेल गाणारा, संडे स्कूल सांभाळणारी, पास्टोरेट कमिटीचे हिशेब निष्ठेने लिहिणारा, यांच्यातले काही समलिंगी असणार. त्यांच्यावर आपण ठराव करतो, त्यांच्याशी बोलत मात्र नाही.

म्हणून ‘निरोप्या’, ‘सुवार्ता’ आणि ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकांच्या आजी-माजी संपादकांना आणि इथल्या सर्व लेखकांना मी विनंती करते की लेखकाचे नाव गुप्त ठेवण्याची हमी देऊन समलिंगी ख्रिस्ती स्त्री-पुरुषांची आत्मकथने मागवावीत, आणि ती न कापता छापावीत. त्यांच्या शेजारी पारंपरिक मताच्या पाळकांचे लेखही छापावेत. मला त्यांचे म्हणणे पूर्ण वाचायचे आहे. आलेले सारे लेखन एकत्र करून धर्मप्रांतांच्या बिशपांकडे आणि सिनॉडकडे पाठवावे, म्हणजे पुढे या विषयावर मतदान होईल तेव्हा प्रतिनिधींनी निदान ते वाचलेले असेल. उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी असा ठराव मांडणार आहे. त्याला अनुमोदन देणाऱ्यांनी आणि विरोध करणाऱ्यांनीही आपली नावे आज संध्याकाळपर्यंत कार्यवाहांकडे द्यावीत. दोन्ही बाजूंना बोलायला सारखाच वेळ मिळेल.