नावात एकांत, गळ्यात गाणं

आज आम्ही दूरदेशीच्या एका लाजऱ्या पाखराची गोष्ट सांगणार आहोत. अमेरिका आणि कॅनडाच्या जंगलात राहणाऱ्या या पाखराचं नाव आहे हर्मिट थ्रश. आपल्याकडच्या नारिंगी कस्तूराच्याच कुळातलं हे पाखरू. आकाराने बुलबुलाहून थोडं लहान. पाठ मातकट, शेपूट तांबूस आणि छातीवर काळसर ठिपके.

हर्मिट म्हणजे माणसांपासून दूर, रानात एकटा राहणारा तपस्वी. हे पाखरू झाडीच्या सावलीत, पालापाचोळ्यात किडे टिपत फिरतं. सहसा थव्यात दिसत नाही, म्हणून हे नाव पडलं. शास्त्रज्ञांनी ठेवलेलं नाव मात्र वेगळं आहे, कॅथारस गटॅटस. त्यातला पहिला शब्द ग्रीक, त्याचा अर्थ निर्मळ. दुसरा लॅटिन, त्याचा अर्थ ठिपकेदार.

आता गंमत ऐका. या 'तपस्व्या'ला संसार आहे! मादी एकटीच गवत, काटक्या, शेवाळ आणून घरटं बांधते. पुष्कळदा ते जमिनीवरच, झुडपाआड असतं. त्यात निळसर अंडी घालून ती सुमारे बारा दिवस उबवते. नर तिला खाऊ आणून देतो. पुढे पिल्लांना दोघं मिळून भरवतात. थंडी पडली की हे पाखरू दक्षिणेकडे जातं, तिथे किड्यांबरोबर फळंही खातं.

आणि पहाटे, तिन्हीसांजेला नर गाऊ लागला की रान भरून जातं. आधी एक लांब सूर, मग बासरीसारख्या गिरक्या. व्हरमाँट राज्याने 1941 साली या पाखराला आपला राज्यपक्षी केलं. दिसायला साधं, लपून राहणारं पाखरू, पण मान त्याला मिळाला.

आम्हाला आठवतात आपल्या बचत गटातल्या बाया. कोपऱ्यात बसते, म्हणून आपण एखादीला 'अबोल' म्हणतो. मग तेच तिचं नाव होतं, आणि तिला काही विचारायचंच राहून जातं. कर्ज कुणाला द्यायचं ते ठरतं, वहीवर तिचा अंगठा उठतो, पण तिचं मत कुणाला कळतच नाही.

नाव ठेवणारे आपण असतो, बायांनो. पाखराला आपलं नाव ठाऊकही नसतं. पुढच्या बैठकीत त्या कोपऱ्यातल्या बाईला आधी बोलू द्या. ती थांबली, तर आपणही जरा थांबू. रामराम.