दीड हजार रुपये आणि आपली पोर
(विहाराच्या वर्धापन दिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. वर्धापन दिन, आताच खीरदान झाले, आणि हे महाशय एड्सबद्दल बोलणार! पण विहारात बोलायचे नाही, शाळेत बोलायचे नाही, घरात तर नाहीच नाही, मग पोरांनी ऐकायचे कुठे? पानटपरीवर? आम्ही रोगाविषयी थोडेच बोलू. बोलायचे आहे ते पैशाविषयी.

दीघनिकायातले कूटदन्त सुत्त आपण वर्षावासात ऐकलेले आहे. महाविजित राजाच्या राज्यात चोऱ्या-लुटालूट माजलेली, आणि राजाला मोठा यज्ञ करायचा होता. पुरोहिताने सांगितले, महाराज, मारून-बांधून, हाकलून हे थांबणार नाही. शेती करणाऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला वेतन द्या. माणसे आपापल्या कामाला लागली आणि राज्य शांत झाले. हे सुत्त आम्ही पुष्कळदा ऐकले, पण ते एच.आय.व्ही.ला लागू पडेल असे कधी मनात आले नव्हते.

आफ्रिकेत मलावी नावाचा गरीब देश आहे. तिथे झोंबा जिल्ह्यात २००८-०९ मध्ये एक प्रयोग झाला. तेरा ते बावीस वर्षांच्या, लग्न न झालेल्या मुली निवडल्या. काहींच्या घरी दरमहा चार ते दहा डॉलर आणि मुलीच्या स्वतःच्या हातात एक ते पाच डॉलर दिले. बाकीच्यांना काही दिले नाही. दीड वर्षाने शाळेत जाणाऱ्या मुलींचे रक्त तपासले. पैसे न मिळालेल्यांत शंभरी तीन मुलींना एच.आय.व्ही. आढळला, पैसे मिळालेल्यांत शंभरी १.२. आणि मुलींना रोगाविषयी काही वेगळे शिकवले होते असेही नाही, बरं का! फरक पडला तो त्यांचा संबंध येणाऱ्या पुरुषांत. वयाने मोठ्या, चार पैसे राखून असलेल्या पुरुषाकडून साबण, कपडे, गाडीभाडे घेण्याची गरज कमी झाली. असा मोठा पुरुषच बहुधा आजार घेऊन आलेला असतो.

पण दुसरी बाजू सांगितली नाही तर आम्ही खोटे ठरू. दक्षिण आफ्रिकेत २०११ ते २०१५ या काळात अडीच हजारांवर मुलींचा तसाच प्रयोग झाला. महिना तीनशे रँड, त्यातले शंभर मुलीचे, दोनशे पालकांचे, अट शाळेत हजर राहण्याची. तिथे पैसे मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलींत संसर्गाचा फरक दिसला नाही. का? तर तिथे बहुतेक सगळ्याच मुली आधीपासून नियमित शाळेत जात होत्या. मात्र ज्या मुलींची शाळा बुडत होती किंवा सुटली होती, त्यांना धोका सुमारे तिप्पट होता. म्हणजे राखण शाळा करते. पैसा पोरीला शाळेत ठेवत असेल, तरच तो कामाचा.

मलावीतसुद्धा पैसा थांबल्यावर दोन वर्षांनी पाहिले, तर बराचसा लाभ विरून गेला होता. शाळा सोडलेल्या ज्या मुली अटीच्या पैशामुळे परत वर्गात बसल्या, त्यांचे शिक्षण तेवढे टिकले, आणि मुलेही कमी झाली.

आता आपल्या नंदुरबारकडे या. इथे पोरीला धोका कुठून येतो? लोक लगेच सुरत महामार्गाकडे बोट दाखवतात, ट्रकवाल्यांना नावे ठेवतात. ते सोपे आहे. आमचे म्हणणे, धोका लग्नाच्या मांडवातून येतो. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या बारडोलीच्या बाजूला निघतात, आणि वर्ग अर्धे रिकामे होतात. उचल मिळते कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे जोडपे. मग पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीचे घाईने हात पिवळे होतात. नवरा आठ-दहा वर्षांनी मोठा, चार गावे हिंडलेला. त्याची तपासणी कोण मागतो? आपल्या देशात लग्न झालेल्या बहुतेक बायकांना हा आजार नवऱ्याकडूनच आलेला आहे.

ही आदिवासी बांधवांची गोष्ट आहे, आपली नाही, असे कोणी म्हणू नये. आमच्याच घरातले सांगतो. आमच्या पुतणीची शिष्यवृत्ती अडली, कारण बँक खाते आधारला जोडलेले नव्हते. आज जाऊ, उद्या जाऊ, असे आम्हीच करत राहिलो. घरात ओढाताण होती. पोर नववीतून बसली ती बसलीच, पुढच्या हिवाळ्यात लग्न. आम्ही काय केले? पंगतीला बसलो. आणि देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत दिले गेले ते आपल्याच शहादे तालुक्यातल्या टेंभलीत!

योजना नाहीत असे नाही. अनुसूचित जातीच्या पाचवी ते सातवीच्या मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती १९९६ साली महिना साठ रुपयांनी सुरू झाली, पुढे ती दहावीपर्यंत गेली. अकरावीपासून वसतिगृह न मिळालेल्या आपल्या मुलामुलींसाठी स्वाधार योजना आहे. जिथे आजार आधीच घरात शिरला आहे, तिथे संजय गांधी निराधार योजनेत अशा रुग्णांचाही समावेश आहे, २०२३ पासून महिना दीड हजार. आणि जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीचे दीड हजार. ते एकवीस वर्षांपुढच्या बाईचे, म्हणजे पोरीचे नव्हेत, आईचे.

काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, फुकटचा पैसा माणसाला आळशी करतो. बाबांनो, महाविजिताने बियाणे दिले म्हणून शेतकरी झोपून राहिला का? पण मोबाईलच्या हप्त्यात गेलेल्या दीड हजाराने पोर वाचणार नाही, हेही खरे. मायांनो, त्यातले दोनशे रुपये पोरीच्या हातात द्या. वही, एस.टी.चे भाडे, महिन्याचे पॅड. तिला दुसऱ्या कुणापुढे हात पसरावा लागू नये.

तपासणी सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन केंद्रात फुकट होते. २०१७ च्या कायद्याप्रमाणे संमतीशिवाय कुणाची तपासणी करता येत नाही, नाव फोडता येत नाही. १०९७ वर फोन केला तर पैसे पडत नाहीत. औषध रोज घेतले तर माणूस संसार करतो, कामधंदा करतो. अशा घराचे पाणी टाळणाराने पंचशील कोणत्या तोंडाने घ्यायचे?

विहाराची मागची खोली संध्याकाळी रिकामी असते. या दिवाळीनंतर ज्या घरचे लोक बाहेर पडणार आहेत, त्यांच्या आठवी ते दहावीच्या मुलींची नावे आम्हांला हवी आहेत. कुणाची पोर आजीकडे राहील, कुणाची मावशीकडे, अभ्यासाला इथे बसेल. खाते-आधारचे काम अडले असेल त्यांनी रविवारी कागद घेऊन यावे, आम्ही दहापासून बसणार आहोत. वही आत्ताच दाराजवळ ठेवली आहे, जाताना नाव लिहून जा.

जयभीम. नमो बुद्धाय.