काचेचा वायपर, कमरेचा दोर

मंडळी, काचा पुसण्याचा धंदा काढायचा, तर सामान विकतचे की घरचे? बादली, साबणपाणी, जुन्या धोतराचे फडके घरचे खुशाल चालते. वायपरचे रबर मात्र विकतचेच घ्या. सायकलच्या ट्यूबमधून कापलेल्या पट्टीची कड सरळ येत नाही, काचेवर रेघा राहतात आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा बोलावत नाही. गंमत म्हणजे, या विकतच्या वायपरचा पूर्वज घरगुतीच! कॅलिफोर्नियात काचा पुसणाऱ्या एत्तोरे स्टेकोने या इटालियनाने जड, दुपाती अवजाराला कंटाळून एकपाती, हलका पितळी वायपर स्वतः बनवला. १९३६ मध्ये पेटंटही घेतले. उंचीवर मात्र ही हौस नको. घरातल्या सुंभाला गाठ मारून लटकू नका. आयएस ३५२१ चा शिक्का असलेला अंगपट्टा आणि वेगळा सुरक्षादोर परवडेपर्यंत तळमजल्याचीच कामे धरा.