स्मार्ट कोणाला म्हणायचं?

नाचाचा मेकअप अजून न पुसलेल्या माझ्या बालमित्रमैत्रिणींनो,

तुमच्या आणि बक्षिसांच्या मधे फक्त माझं भाषण उरलंय, म्हणून एकाच शब्दावर बोलतो: ‘स्मार्ट’.

‘काय बे, आज मोठा स्मार्ट दिसून राहिला!’ इथे हा शब्द कपड्यांचा. ‘पोरगी स्मार्ट आहे, एकदा सांगितलं की समजते,’ इथे बुद्धीचा. ‘जास्त स्मार्ट बनू नको,’ इथे आगाऊपणाचा. पुढे तो वस्तूंनाही चिकटला. फोन स्मार्ट, घड्याळ स्मार्ट, विजेचं मीटर स्मार्ट. 2016 मध्ये तर आपलं नागपूरही स्मार्ट सिटीच्या यादीत गेलं. पारडी, पुनापूर, भरतवाडा, भांडेवाडी हा भाग त्यासाठी निवडला गेला.

जुन्या इंग्रजीत मात्र या शब्दाचा अर्थ होता झोंबणारं, वेदना देणारं. चाबकाचा फटका ‘स्मार्ट’ असायचा. आजही डोळ्यांत साबण गेला की झोंबण्याला इंग्रजीत हाच शब्द वापरतात. झोंबणारा तो तीव्र, तीव्र तो चपळ, चपळ तो हुशार आणि शेवटी टापटीप, असा त्याचा अर्थ सरकत गेला. आपल्या मराठीतही जखम चुणचुणते आणि हुशार मूल चुणचुणीत असतं! हुशारीचं झोंबण्याशी काही नातं आहे, हे दोन्ही भाषांनी ओळखलेलं दिसतं.

ते नातं जगून दाखवणाऱ्या जाईबाई चौधरी याच नागपुरातल्या. दलित कुटुंबात जन्मल्या, हमाली केली, एका मिशनरी बाईंच्या मदतीने शिक्षिका झाल्या. त्यांची जात कळताच पालकांनी मुलांना शाळेत पाठवणं थांबवलं आणि जाईबाईंची नोकरी गेली. अशा वेळी माणूस रडतो किंवा गप्प बसतो. जाईबाईंनी 1920 च्या दशकात संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. आपल्याला जे झोंबलं ते पुढच्या मुलींच्या वाट्याला येऊ नये, एवढी त्यांची हुशारी होती.

मुलांनो, मनगटावरचं घड्याळ तुमच्या हृदयाचे ठोके मोजतं, पण शेजारच्या बाकावरची मुलगी रोज एकटीच डबा खाते, हे त्याला झोंबत नाही. तुम्हाला झोंबलं, आणि उद्या मधल्या सुट्टीत तुम्ही तिच्याजवळ जाऊन बसलात, तर मी तुम्हाला स्मार्ट म्हणेन.

आता बक्षिसं. ज्यांचं नाव पुकारलं जाणार नाही, त्यांना थोडं झोंबेल. झोंबू द्या, सराव सुरू करायला त्याच्यासारखं दुसरं कारण नाही. मित्रासाठी मात्र टाळ्या जोरात वाजवा.