घरातले पंचशील
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या मंगलदिनी आम्ही आपल्यापुढे घराविषयी बोलणार आहोत. समाज बिघडला, तरुण पोरं व्यसनाला लागली, असे आपण नेहमी म्हणतो. पण समाज म्हणजे कोण? आपल्या वस्तीतली ही घरेच ना? मग उत्तरही घरातच शोधावे लागेल.

तथागतांनी गृहस्थांना केलेला मोठा उपदेश म्हणजे दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त. राजगृहाचा सिगाल पहाटे ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना हात जोडत होता. का? तर वडिलांनी मरताना सांगितले म्हणून. बुद्धांनी वडिलांचा शब्द मोडायला लावला नाही, दिशांचा अर्थ बदलला. पूर्व म्हणजे आई-वडील, दक्षिण गुरुजन, पश्चिम पत्नी आणि मुले, उत्तर मित्र, खाली कामगार, वर श्रमण. या नात्यांतले कर्तव्य पाळणे हीच दिशांची पूजा.

आणि हे कर्तव्य एकतर्फी नाही, बरं का! आपल्याकडे संस्कार म्हटले की सगळा भार आईवर. सुत्तात मात्र पतीची कर्तव्ये आधी येतात. पत्नीचा मान राखावा, अपमान करू नये, एकनिष्ठ राहावे, घरचा कारभार तिच्या हाती द्यावा. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनीही सांगितले की पत्नीने पतीची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे, गुलाम होऊ नये.

याच सुत्तात दारूचे सहा दुष्परिणाम आहेत. पैसा जातो, भांडणे वाढतात, रोग जडतात, बदनामी होते, लाज सुटते, बुद्धी क्षीण होते. पगाराच्या संध्याकाळी कुठल्याही वस्तीत फिरून पाहा, यातले एकही खोटे ठरत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, ती उगाच नाही. विहारात पाचवे शील म्हणायचे आणि घरी पोराला चकणा आणायला धाडायचे, याला काय म्हणावे? पोरगं शील ऐकून शिकत नाही, बापाकडं बघून शिकतं.

म्हणून आज आपण चार गोष्टी ठरवू या. लग्नाच्या वरातीत आणि जयंतीच्या मिरवणुकीत दारू नको. पगाराचा हिशेब नवरा-बायकोने एकत्र बसून करावा. संध्याकाळी वंदना झाल्यावर टीव्ही लावण्याआधी मुलांचे ऐकून घ्यावे. आणि शेजारी बाईला मारहाण होत असेल तर "घरचं भांडण आहे" म्हणून दार लावून घेऊ नये. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तिच्या पाठीशी आहे, मग आपण का नसावे?

जो दारूत अडकला, त्याला वाळीत टाकू नका. तो आजारी आहे. त्याला डॉक्टरकडे, व्यसनमुक्ती केंद्रात न्या. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे काम करते आहे. मैत्री आणि करुणा यांची खरी परीक्षा अशाच वेळी होते.

बंधू-भगिनींनो, विहार आपण वर्गणी काढून बांधतो. घर मात्र रोजच्या वागण्यानेच उभे राहते. विहारातला धम्म उंबरठ्याच्या आत नेऊ या, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जयभीम!