टॅक्स शून्य करणार, पण कोणाचा?

ओहायोतल्या आपल्या श्रोत्यांकडून सध्या एकच विषय येतोय. २०२६ च्या गव्हर्नरच्या निवडणुकीसाठी विवेक रामस्वामी उभे राहिले आणि म्हणाले, राज्याचा इन्कम टॅक्स शून्यावर नेऊ. आपण बहुतेक जण पगारदार. पेस्लिपवरची ती कपात गेली तर कोणाला आवडणार नाही? मलाही आवडेल. पण त्याआधी केन्सासचं काय झालं ते ऐका, कारण हा कोड एकदा प्रॉडक्शनवर जाऊन आलेला आहे.

सॅम ब्राउनबॅक २०१० मध्ये केन्सासचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. रिपब्लिकन, त्याआधी सिनेटर. मे २०१२ मध्ये त्यांनी ज्या कायद्यावर सही केली त्याने सगळ्यात वरचा दर ६.४५ वरून ४.९ टक्क्यांवर आला. इथपर्यंत ठीक. खरी गोम पुढच्या कलमात होती. एलएलसी, पार्टनरशिप, एकट्याचा धंदा, शेती, यांच्या नफ्यावर राज्याचा इन्कम टॅक्स एकदम शून्य!

म्हणजे बघा, एकाच प्रोजेक्टवर शेजारी शेजारी बसलेले दोघं. एक पगारावर, तो टॅक्स भरतोय. दुसरा स्वतःच्या एलएलसीतून बिल लावतोय, त्याला राज्याचा टॅक्सच नाही. काम तेच, पैसेही साधारण तेवढेच. मग लोकांनी काय केलं असेल? सूट घेणारे साधारण १,९१,००० निघतील असा अंदाज होता, निघाले ३,३०,००० च्या वर. लोकांनी लबाडी केली असं मी म्हणणार नाही. कायद्यानेच दार उघडं ठेवलं होतं.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ब्राउनबॅक यांच्या मूळ प्रस्तावात भरपाईची सोय होती. घरकर्जाच्या व्याजासारख्या वजावटी बंद करायच्या, विक्रीकर ठरल्याप्रमाणे खाली येऊ द्यायचा नाही, वगैरे. विधिमंडळात ती भरपाई बरीचशी गळाली, कपात तेवढी पास झाली. आणि त्यांनी त्यावर सही केली.

पुढे २०१४ च्या आर्थिक वर्षात राज्याचं उत्पन्न सुमारे ७० कोटी डॉलरनी घसरलं. मूडीज आणि एस अँड पी, दोघांनीही रेटिंग उतरवलं. रस्त्यांचा निधी दुसरीकडे वळवला, पेन्शनचा हप्ता पुढे ढकलला. २०१५ मध्ये काही शाळांनी पैसे नाहीत म्हणून वर्ष लवकर संपवलं. त्याच वर्षी विक्रीकर ६.१५ वरून ६.५ टक्के झाला, आणि तो किराण्यावरही लागायचा. म्हणजे ज्याची एलएलसी नाही त्याने दुधा-अंड्यावर जास्त भरायचं. मला यातली सगळ्यात टोचणारी गोष्ट हीच वाटते.

समर्थक म्हणतात, तेव्हा तेलाचे आणि शेतमालाचे भाव पडले होते. ते खरंच आहे. पण नोकऱ्यांची जी भरभराट सांगितली होती ती काही दिसली नाही, वाढ देशाच्या सरासरीच्या मागेच राहिली. शेवटी जून २०१७ मध्ये विधिमंडळाने गव्हर्नरचा व्हेटो झुगारून कपात मागे घेतली. दोन्ही सभागृहांत बहुमत त्यांच्याच पक्षाचं होतं, हे लक्षात घ्या.

आता ओहायो. तिथे २०२६ पासून २.७५ टक्के असा एकच दर आहे. धंद्याच्या उत्पन्नातले पहिले २,५०,००० डॉलर तर आधीपासूनच माफ आहेत, म्हणजे एलएलसीवाल्याला फायदा तिथे आजही मिळतोय. ओहायो म्हणजे केन्सास नव्हे. राज्य मोठं आहे, उद्योगही वेगळे. तरीही इन्कम टॅक्स गेला की उरतो विक्रीकर आणि प्रॉपर्टी टॅक्स, आणि प्रॉपर्टी टॅक्सवरून तिथे घरमालक आधीच वैतागलेत. शाळांचा मोठा खर्च त्यातूनच भागतो.

तेव्हा प्रचारसभेत माईक हातात आला तर दर किती खाली आणणार हे विचारू नका, ते पत्रकावर छापलेलं असतंच. कोणता टॅक्स वाढणार, किंवा कोणता खर्च थांबणार, आणि तो कोणत्या वर्षी, हे विचारा. उत्तर मिळालं तर मला मेसेज टाका, पुढच्या भागात त्यावरच बोलू.