ऑफिसच्या कॉम्प्युटरच्या किल्ल्या
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



आपल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आता छोटा वेब सर्व्हर चालतो. उबुंटू आणि अपाचे, दोन्ही विनामूल्य. सोसायटीच्या वायफायवर उपविधी, नोटिसा, इतिवृत्तं, ताळेबंद मोबाइलवर दिसतात. विरार लोकलमधून रात्री उतरणाऱ्यांना आता ऑफिसच्या वेळेची वाट बघायला नको.

काही वेळा मात्र फाइल जागेवर असूनही ‘403 फॉरबिडन’ असं येतं. मग कुणीतरी सल्ला देतं, “777 करून टाका, लगेच चालेल.” चालतं, हे खरं. पण म्हणजे काय होतं, ते समजून घेऊ.

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलपुढे तीन जण असतात: मालक, गट आणि इतर. हक्कही तीनच. वाचण्याचे 4, लिहिण्याचे 2, चालवण्याचा 1. बेरीज करायची. 644 म्हणजे मालक वाचेल आणि लिहील, बाकीचे फक्त वाचतील. आपला नोटीस बोर्डच की! सचिव कागद लावतात, आपण काचेबाहेरून वाचतो. 777 म्हणजे काच काढून सगळ्यांच्या हाती पेन देणं.

फोल्डरच्या बाबतीत ‘चालवणं’ म्हणजे आत शिरणं. एखाद्याला तुमच्या फ्लॅटमध्ये यायची परवानगी आहे, पण वॉचमनने गेटवरच अडवलं, तर तो वर कसा येणार? 403 चं कारण बरेचदा हेच. फाइल 644 असते, पण वरचा एखादा फोल्डर बंद असतो. तेवढाच 755 करावा.

अपाचे स्वतःच्या वेगळ्या खात्यातून काम करतो. तो फाइल वाचतो ती मागणाऱ्यासाठी. पासवर्ड लावलेला नसेल, तर त्याला जे वाचता येतं ते वायफायवरच्या पाहुण्यालाही दिसतं. म्हणून आधारच्या प्रती आणि नामनिर्देशनाचे अर्ज वेबच्या फोल्डरमध्ये नकोतच. ते वेगळ्या फोल्डरमध्ये, फोल्डर 700, फाइल 600.

सहकार कायदाही हाच भेद करतो. इतिवृत्त आणि ताळेबंद पाहणं प्रत्येक सभासदाचा हक्क आहे, पण व्यवहाराच्या नोंदी ज्याच्या त्यानेच पाहायच्या. आणि पाहण्याचा हक्क म्हणजे बदलण्याचा नव्हे. उद्या पुनर्विकासाचा विषय निघाला, तर कुठल्या सभेत काय ठरलं हे इतिवृत्तावरूनच सिद्ध होणार. ती फाइल 777 असली, तर तिच्यावर विश्वास कोण ठेवेल?

मुलांनी हे जरूर शिकावं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे धडे मराठीतही आहेत.

समितीला एकच विनंती. पुढच्या समितीकडे दप्तर सोपवताना कपाटाच्या किल्ल्यांबरोबर कुठल्या फोल्डरला कुठला आकडा, हा कागदही सोपवा.